म्हैस माजावर आणायचा दहा दिवसांचा कोर्स : चार म्हशी, तीन सुया आणि माझा हिशोब

चार म्हशी दाखवल्या. कोर्स दोघींनाच झाला. त्यातली एक गाभण राहिली, एक नाही. उरलेल्या दोघींना सुई लावायला डॉक्टरांनी साफ नकार दिला, आणि पुढे गाभण निघाल्या त्या दोघीही. एवढं ऐकून माझ्या जावेने विचारलं, मग पैसे कशाला घातलेस? तरी मी या सेवेला पाचपैकी चार देते. चारातले दोन त्या न लावलेल्या सुयांचे आहेत.

आधी माझं सांगते. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातली. सात म्हशी, पावणेदोन एकर ऊस. १९९९ साली बी.एस्सी. झाले, झूलॉजी घेऊन. जर्नलमध्ये पिट्यूटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, आकृती काढली होती, तिच्यातून थायरॉइडकडे, अ‍ॅड्रिनलकडे, अंडाशयाकडे लाल पेन्सिलीने बाण काढले होते, त्याला दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. त्याच वर्षी लग्न होऊन या गोठ्यात आले. ते बाण प्रत्यक्षात कुठे जातात ते पंचवीस वर्षांनी म्हशींनी दाखवलं.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. तालुक्याच्या गावी खासगी दवाखाना आहे, आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहेत. खाली तक्रारीही लिहिल्यात, आणि अजून मला त्यांच्याकडेच जायचं आहे.

या कोर्सकडे मी वळले त्याला एक जुनं दुखणं कारण आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुंदरी तीन महिने माज दाखवत नव्हती. मोटारसायकलवरून गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांचा कंटेनर घेऊन फिरणारा एक जण आला. म्हणाला, वहिनी, माजाची सुई मारतो, तिसऱ्या दिवशी म्हैस रेकायला लागते, अडीचशे रुपये. हात घालून बघितलं नाही, काही विचारलं नाही. मारली. तिसऱ्या दिवशी पहाटे धारेला गेले तर सुंदरीच्या मागे मुठीत मावेल असा जीव पडलेला. दोन-अडीच महिन्यांची गाभण होती ती. म्हणूनच माज दाखवत नव्हती! आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी जेवल्या नाहीत. मीही जर्नल काढलेली बाई, मलाही सुचलं नाही की माज न येण्याचं पहिलं कारण गाभण असणं हेच असतं.

ती सुई प्रोस्टाग्लँडिनची होती, हे मला नंतर कळलं. तिचं काम एकच. म्हशीचं बीज सुटून गेलं की त्या जागी अंडाशयावर एक गाठ तयार होते, पीतपिंड म्हणतात तिला. गाईची खरंच पिवळी-नारिंगी असते, म्हशीची लहान आणि फिकट, म्हणून हाताला कमी लागते. ही गाठ प्रोजेस्टेरॉन सोडते. प्रोजेस्टेरॉन असेपर्यंत मेंदू नवा माज येऊ देत नाही, आणि पोटात गर्भ असला तर त्याला धरून ठेवतो तोही हाच. प्रोस्टाग्लँडिन ही गाठ विरघळवतं. म्हैस रिकामी असेल तर गाठ गेली की दोन-चार दिवसांत माज. गाभण असेल तर गाठ गेली की गर्भ गेला. सुईला दोन्हीतला फरक कळत नाही. तो कळायचं काम सुई धरणाऱ्याचं.

आता कोर्सकडे. २०२४ ला वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टर पहिल्यांदा आले. मंगळवारच, कारण सोनोग्राफीचं यंत्र ते आठवड्यातून एकदाच आमच्या पट्ट्यात फिरवतात. तपासणीचे म्हशीमागे तीनशे. आधी वही मागितली. कधी व्याली, कितवं वेत, वार कधी पडली, शेवटचा माज कधी, कांडी कुठली. माझ्याकडे वही होती, पण ती दुधाची होती. माजाच्या तारखा आत्तींच्या डोक्यात आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांमध्ये. डॉक्टरांनी भिंतीचा फोटो काढून घेतला. मला हे आवडलं.

मग एकेकीला खोड्यात घेऊन, खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा हातमोजा घालून, शेणाच्या वाटेने हात आत आणि हातात यंत्राचा छोटा तुकडा. पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला. काळा गोल दिसला तो बीजाचा फुगा, त्यात पाणी असतं म्हणून काळा. करड्या रंगाचा ठिपका ती गाठ. अख्ख्या बी.एस्सी.त मी अंडाशय पाहिलं होतं ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत. जिवंत म्हशीचं, शेपटी हलवणाऱ्या म्हशीचं, पहिल्यांदा पाहिलं.

पहिली गंगी. पंढरपुरी, शिंगं पाठीपर्यंत गेलेली, तिसरं वेत. मी सांगितलं, व्याल्यापासून पाच महिने माज नाही. डॉक्टरांनी यंत्र जरा फिरवलं आणि हसले. पडद्यावर काळ्या पाण्यात एक पांढरा तांदूळ, आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं. "वहिनी, हे काळीज आहे. दीड महिना झाला. कुणाचा रेडा?" मी आत्तींकडे बघितलं. आत्ती पदर सावरत म्हणाल्या, "नदीला धुवायला न्हेल्यावर पाटलाचा रेडा असतोय की तितं. मी काय सांगू तुला, तुझी वही हाय न्हवं." गंगी तीनशे रुपयांत सुटली. सुंदरीच्या वेळी हेच तीनशे रुपये खर्च केले असते तर, हा विचार मला अजून येतो.

दुसरी नकाराची केस म्हणजे आमची रेडी, सोनी. अडीच वर्षं ओलांडली तरी माजाचं नाव नाही. पडद्यावर तिची अंडाशयं वाटाण्याएवढी आणि गुळगुळीत, ना फुगा ना गाठ. मी म्हटलं हिला तरी लावा. ते म्हणाले, कारखान्याला वीजच नाही तर भोंगा वाजवून काय होणार? मग खाणं विचारलं. खरं सांगायचं तर उसाच्या हंगामात आमच्याकडे वाढ्यावर वाढं, म्हणजे उसाचे शेंडे. फुकटचं असतं, डोळ्यासमोर असतं, रेड्यांना तेच पडतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि नुसत्या वाढ्यावर अंग धरत नाही. शरीर आपला हिशोब करतं: आधी स्वतःचं जगणं, मग वाढ, मग दूध, सगळ्यात शेवटी पुढचं वेत. अंगावर चरबी नसेल तर मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला हुकूमच सोडत नाही, मग अंडाशयं गप्प. त्यांनी जंताचं औषध, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, मुठीने वाढवत नेलेली पेंड आणि मक्याची हिरवी वैरण लिहून दिली. एकही हॉर्मोन नाही. जानेवारीच्या मध्याला सोनीने पहिला सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, टाकला. आज ती नऊ महिन्यांची गाभण आहे.

कोर्स झाला तो रूपाला आणि चंद्रीला. रूपा मुऱ्हा, दुसरं वेत, दहा लिटरची. तिच्या अंडाशयावर गाठ होती, म्हणजे चक्र चालू होतं, माज मुका जात होता. गायीचा माज शेजाऱ्यालाही कळतो, एकमेकींवर उड्या मारतात. म्हशीचा बहुतेक वेळा रात्रीच दिसतो आणि सकाळी ओसरायला लागतो, आणि उन्हाळ्यात तर काहीच दाखवत नाही. एकवीस दिवसांनी एकदा येणारी ही वेळ चुकली की पुढचे एकवीस दिवस म्हैस नुसती खाते. माझ्या हिशोबाने वैरण-पेंडीचे दिवसाला दीडशे धरले तर एका चुकलेल्या माजाचे तीन हजार एकशे पन्नास. कोर्सचे म्हशीमागे सोळाशे, कांडीचे वेगळे. हा हिशोब मी आत्तींना मांडून दाखवला तेव्हा त्या तयार झाल्या.

चंद्रीचं चक्रच बंद होतं. तिला कोर्ससोबत प्रोजेस्टेरॉन भरलेला सिलिकॉनचा एक लवचिक तुकडा सात दिवस योनीमार्गात ठेवला, त्याचे सातशे जादा. बाहेर एक शेपटीसारखी दोरी राहते. पहिल्याच दिवशी शेजारच्या रेडकाने ती ओढायचा प्रयत्न केला. ही सूचना डॉक्टरांनी द्यायला हवी होती: दोरी आखूड कापा किंवा म्हैस वेगळी बांधा. मी दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

आता तीन सुया. वेळापत्रक पाठ झालंय: रविवार, रविवार, मंगळवार सुया, बुधवारी कांडी. पहिला रविवार भाऊबीजेचा आला, ३ नोव्हेंबर. मी भावाला ओवाळत होते आणि गोठ्यात डॉक्टर सुई भरत होते. आदल्या दिवशी पाडव्याला आमच्या भागात म्हशी सजवून पळवतात, रूपाला नेऊ नका, दमवू नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. माझा मुलगा रुसला, पण तिच्या गळ्यात कवड्यांची माळ घालून गोठ्यातच फोटो काढला.

पहिली सुई बुसेरेलिनची, अडीच मिली. औषध त्यात अवघं दहा मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग, साडेचारशे किलोच्या जनावराला. मला यातच सगळी गंमत वाटते. एवढंसं औषध म्हशीला थेट काही करत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस जो निरोप पिट्यूटरीला पाठवतो, त्याची ती नक्कल आहे. निरोप मिळाला की पिट्यूटरी एफएसएच आणि एलएच ही स्वतःची दोन हॉर्मोन रक्तात सोडते, आणि एलएचच्या त्या लाटेने अंडाशयावरचा मोठा फुगा फुटतो. बीज सुटतं, गाठ बनायला लागते, आणि मागून फुग्यांची नवी फळी उभी राहते. सगळं सामान म्हशीचंच. आपण फक्त तारीख ठरवायची.

हा मूळ निरोप शोधायला दोन शास्त्रज्ञांच्या तुकड्या अमेरिकेत वर्षानुवर्षं एकमेकांशी चढाओढ करत होत्या, शाली यांची आणि गिलेमां यांची. एकाने डुकरांचे, दुसऱ्याने मेंढ्यांचे मेंदू कत्तलखान्यांतून लाखोंनी आणून त्यांतून चिमूटभर द्रव्य काढलं. १९७७ चं नोबेल दोघांनाही मिळालं, रक्तातले हॉर्मोन मोजायची पद्धत काढणाऱ्या रोझलिन यालो यांच्यासोबत. आमच्या वेळच्या पुस्तकात याला एक ओळ होती. आत्तींना सांगितलं तर म्हणाल्या, "एवढी मेंढरं मारली व्हय त्यापायी?"

दुसऱ्या रविवारी क्लोप्रोस्टेनॉल, दोन मिली. ही तीच, सुंदरीचा घात करणारी जात. या वेळी ती पडद्यावर गाठ आणि रिकामी पिशवी बघूनच दिली. निसर्गात हे काम पिशवीच करते. सतराव्या दिवसाच्या आसपास पिशवीला पोटात कुणी नाही असं कळलं की ती स्वतः प्रोस्टाग्लँडिन सोडते आणि गाठ मोडते. आणि गर्भ असला तर? गाई-म्हशींत तो नखाएवढा असतानाच एक प्रथिन सोडून पिशवीला हे करू देत नाही. मला हे कळल्यापासून "गाभण राहिली" हा शब्दप्रयोग वेगळाच वाटायला लागलाय. राहणं हे त्या गर्भाचंही काम असतं.

इथे माझी पहिली मोठी तक्रार. क्लोप्रोस्टेनॉल कातडीतूनही अंगात जातं. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने त्या सुईला हात लावू नये, सांडलं तर लगेच साबणाने धुवावं. हे बाटलीच्या खोक्यातल्या कागदावर इंग्रजीत बारीक छापलेलं आहे. डॉक्टरांनी तोंडी सांगितलं नाही. त्या दिवशी म्हशीची शेपटी धरायला माझी धाकटी जाऊ उभी होती, चार महिन्यांची गरोदर. कागद मी रात्री वाचला आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं. सुदैवाने काही सांडलं नव्हतं, तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून मी बोलायचं ते बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, चुकलं. आता त्यांच्या छापील कार्डावर मराठीत ही सूचना लाल अक्षरांत आहे, ते मी स्वतः बघितलंय. तरी यासाठी अर्धा गुण कापला.

मंगळवारी संध्याकाळी पाचला पुन्हा बुसेरेलिन. आले साडेआठला. वाटेत एक गाय अडली होती म्हणे. असेल. पण या कोर्सचा सगळा भरवसा घड्याळावर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी ही पद्धत गायींसाठी बसवली, नाव ओव्हसिंक. माज बघायची गरजच राहू नये हाच तिचा हेतू. शेवटच्या सुईनंतर साधारण दिवसभराने बीज सुटतं, आणि कांडी त्याच्या आधी, सोळा ते वीस तासांत भरायची. सुई साडेतीन तास सरकली म्हणून मी कांडीही सरकवायला लावली, बुधवारी दुपारी दीडला. ते सकाळी नऊलाच येणार होते, त्यांच्या फेरीच्या सोयीने. घड्याळ आपणही बघावं. उरलेला अर्धा गुण इथे गेला.

कांडी भरताना मात्र त्यांचं काम देखणं. शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांच्या नायट्रोजनमधून कांडी काढली, सदतीस अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरली, थर्मामीटर लावून. आमच्याकडे बरेच जण कांडी काखेत धरतात नाहीतर पँटच्या खिशात. वळूचा नंबर पावतीवर लिहून द्यायला विसरले होते, मागून घेतला. मागून घ्याच. पुढे त्याच वळूची कांडी त्याच्याच लेकीला भरली जाते आणि मग आपण म्हणतो जात उतरली.

वर सांगितल्याप्रमाणे एक गुण दोन हप्त्यांत कापला. आता चंद्रीचं सांगते, जिच्यासाठी कदाचित आणखी कापायला हवा होता. ४ डिसेंबरच्या रात्री ती उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. सोट टाकला, पण त्यात दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे तुकडे. पिशवीत घाण, म्हणजे सूज. पहिल्या तपासणीत डॉक्टरांना ती दिसली नव्हती. त्यांचं म्हणणं, चक्र बंद असताना अशी लपलेली सूज सापडणं अवघड, माज आल्यावरच सोट वाहतो आणि कळतं. एका अर्थाने कोर्सनेच ती उघडी पाडली. हे खरं असेलही. पण तेवीसशे रुपये आणि कांडी भरून ते कळलं, हेही खरं. मागच्या वेताला तिची वार दीड दिवस पडली नव्हती आणि एकाने हात घालून ओढून काढली होती, हे वहीत नव्हतं, आणि मीही सांगायला विसरले. म्हणून गुण कापला नाही. औषधोपचार झाले, पुढे दोनदा भरली, दोन्हीदा उलटली. चंद्री अजून गोठ्यात आहे. विकायचं ठरतं आणि मोडतं.

रूपाची तपासणी १७ डिसेंबरला, चौतिसाव्या दिवशी. पडद्यावर तांदूळ.

डॉक्टरांनी आकडे फुगवून सांगितले नव्हते, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, या पद्धतीने दहातल्या तीन-चार राहिल्या तरी मी खूश असतो, आणि उन्हाळ्यात बोलावलं असतं तर आलोच नसतो. म्हैस दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलते. अंधार वाढला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन जास्त वेळ सोडते, त्यावरून म्हशीला हंगाम कळतो. म्हणून दसरा ते महाशिवरात्र हा माजाचा काळ. उन्हाळ्यात प्रोलॅक्टिन हे दुधाचं हॉर्मोन चढलेलं, काळी कातडी, घाम कमी, सगळं बंद. आत्तींना हे मेलाटोनिनशिवाय माहीत होतं. त्या उन्हाळ्यात रेड्याकडे म्हैस नेतच नसत. पण डेअरीला दूध कमी पडायचा काळ नेमका उन्हाळ्यात, दर तेव्हाच चढे, म्हणून आम्ही सगळे म्हशीच्या घड्याळाशी भांडत बसतो.

एक विषय सेवेच्या बाहेरचा, पण त्याच दिवशी निघाला म्हणून लिहिते. माझ्या शेजारच्या गोठ्यात धारेच्या आधी रोज पान्ह्याची सुई लागते. ऑक्सिटोसिन. शेजाऱ्यांनी डॉक्टरांकडे बाटली मागितली, डॉक्टरांनी दिली नाही. पान्हा ही मुळात म्हशीच्या पिट्यूटरीची गोष्ट. रेडकू ढुसण्या देतं, सड ओले होतात, बादलीचा आवाज होतो, तो निरोप मेंदूकडे जातो आणि पिट्यूटरीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन सुटून कास दाबली जाते. तो असर काही मिनिटंच टिकतो, म्हणून धार मध्ये थांबवायची नसते. अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं, कुणी काठी उगारली की अ‍ॅड्रिनलमधून अ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि म्हैस पान्हा चोरते. चोरत नाही खरं तर, घाबरते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर भर रस्त्यात गिऱ्हाइकासमोर म्हशी धार देतात, रिक्षा कानाजवळून जाते तरी. सवय आणि ओळखीचा हात, एवढ्यावर. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ऑक्सिटोसिनचं उत्पादन एकाच सरकारी कंपनीपुरतं ठेवायचा हुकूम काढला होता, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला; बाळंतिणीच्या रक्तस्रावावर तेच औषध प्राण वाचवतं, त्याचा तुटवडा परवडणारा नव्हता. औषध वाईट नाही हो. रोज सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेणाऱ्या म्हशीला मग सुईशिवाय पान्हाच फुटत नाही, हे वाईट.

आणि एक घरचं. माझी पुतणी पुण्यात मूल होण्यासाठी उपचार घेत होती त्याच महिन्यात. तिच्या कागदावर मी बुसेरेलिन वाचलं, खाली प्रोजेस्टेरॉन. मी फोनवर पटकन बोलून गेले, अगं आमच्या रूपाला हेच चाललंय. अर्धा मिनिट शांतता. मग ती इतकी हसली की तिच्या नवऱ्याने फोन हातात घेऊन विचारलं काय झालं. ती म्हणाली, काकू, रूपाला तरी कुणी विचारत नाही, गोड बातमी कधी. माझ्याही उशाला थायरॉइडची गोळी असते, पहाटे उपाशीपोटी घेते आणि धारेला जाते. सुस्ती, वजन, पाळी पुढे-मागे, सगळं झालं तेव्हा मी वर्षभर कामाला दोष देत होते. रक्तातलं टीएसएच, म्हणजे पिट्यूटरीचा थायरॉइडला जाणारा निरोप, तपासायला मला एका डॉक्टरीणबाईंनी पाठवलं. पिट्यूटरी ओरडून ओरडून थायरॉइडला उठवत होती आणि थायरॉइड उठत नव्हती. आत्तींचं मत, घरात दोघींना गोळ्या-सुया, एक मी नि एक रूपा, आणि दोघीही वेळेवर चारा दिला की नीट चालतात.

ज्यांना हा कोर्स करायचाय त्यांनी एवढं बघा. तपासणी यंत्राने होते की नुसती सुई घेऊन माणूस येतो. "सगळ्या म्हशींना लावून टाकतो, स्वस्तात पडेल" म्हणणाऱ्याला चहा देऊन वाटेला लावा. रिकामी बाटली आणि सुया त्यालाच परत न्यायला लावा, उकिरड्यावर टाकू नका; चंद्रीचा तो सिलिकॉनचा तुकडा आमच्या कुत्र्याने पळवला होता, त्यात औषध शिल्लक असतं. आणि वार अडकलेली असेल तर ती गोष्ट आधी सांगा, मी चुकले तसं करू नका.

रूपाची तारीख डॉक्टरांनी मोबाइलमध्ये मोजून १९ सप्टेंबर सांगितली होती, तीनशे दहा दिवस. आत्तींनी कांडी भरली त्या दिवशी भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढली होती आणि दर पौर्णिमेला एक वाढवत होत्या. त्या म्हणाल्या, घट बसल्यावर. घट बसले २२ तारखेला, रूपा व्याली २३ ला पहाटे चारला. रेडी झाली. वार सकाळी आठच्या आत पडली, आणि हे मी वहीत लिहिलं.